पूर यायच्या आधी गाव एकत्र कसं बसवायचं

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या गावात पाणी शिरलं तेव्हा शाळेच्या खोल्या उघडायला चावीच नव्हती. ज्यांच्याकडं असायची ते पाहुण्यांकडं गेलेले, रस्ते बंद, फोन लागेना, शेवटी पोरांनी कुलूप तोडलं पण तोवर दीडेकशे माणसं व्हरांड्यात भिजत उभी होती आणि त्यात एक बारा दिवसांची बाळंतीण होती. तिच्या सासूनं बाळाला प्लास्टिकच्या खताच्या पोत्यात गुंडाळून धरलं होतं, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. गावाच्या आपत्ती आराखड्यात निवारा म्हणून शाळेचं नाव होतं, फक्त चावी कुणाकडं हे कुणी विचारलं नव्हतं, कारण आराखडा करताना गावातलं कुणी बसलंच नव्हतं.

मी शिरोळ तालुक्यातला. आमच्याकडं कृष्णा आणि पंचगंगा दोन्हीचं पाणी, त्यामुळं पूर कसा असतो हे सांगायची गरज नाही. २०१९ नंतर आम्ही काही जणांनी मिळून गावपातळीवर तयारी करायला सुरुवात केली आणि २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा ती उपयोगी पडली, सगळी नाही पण बरीच. काय केलं, कसं केलं, कुठं फसलं ते इथं लिहितोय, नदीकाठच्या कुठल्याही गावाला थोड्याफार फरकानं चालेल.

बैठक कधी घ्यायची

जूनमध्ये घेऊ नका. जूनमध्ये माणूस पेरणीच्या नादात असतो आणि तालुक्याची मान्सूनपूर्व बैठकही तोवर होऊन गेलेली असते, मग तुमचं म्हणणं वरती पोचवायचं कुठं? १ मे ची ग्रामसभा असते ना, ती धरा. त्याच्या आधी दोन-तीन आठवडे वस्त्यावस्त्यांवर छोट्या बैठका घ्यायच्या, त्यातून जे निघेल ते १ मे ला ठराव म्हणून मांडायचं आणि ठरावाची नक्कल तहसीलदार, पाटबंधारे, महावितरण यांना पोच घेऊन द्यायची. मे महिन्यात अजून एक फायदा म्हणजे पुण्या-मुंबईची आपली माणसं गावी असतात, पूर आला की मदत गोळा करणारी, फोनाफोनी करणारी तीच असतात तर त्यांनाही आधीच सामील करून घ्या.

कुणाला बोलवायचं

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी, पोलीस पाटील, आशाताई, अंगणवाडीच्या ताई, वायरमन, ही नावं सगळ्यांना सुचतात. आशाताईंकडं बीपी-शुगरवाल्यांची आणि गरोदर बायकांची यादी असते, रेशन दुकानदाराकडं कुटुंबांची, दूध संस्थेच्या सेक्रेटरीकडं कुणाच्या दावणीला किती जनावरं याचा अंदाज असतो. म्हणजे नवीन सर्व्हे करत बसायची गरज नाही, ह्या चार-पाच वह्या एका टेबलावर आणल्या तरी अर्धं काम झालं.

पण जी माणसं सुचत नाहीत ती जास्त महत्त्वाची. आमच्याकडं पाणीपुरवठा संस्थेच्या नदीवरच्या मोटारी बघणारा एक माणूस आहे. पाणी वाढायला लागलं की मोटारी वर ओढाव्या लागतात नाहीतर लाखांचं नुकसान, त्यामुळं हा माणूस पावसाळ्यात दिवसातून तीन-चार वेळा नदीवर जातो आणि आज पाणी कुठल्या पायरीला आहे, काल कुठं होतं, रंग कसा आहे, सगळं त्याला तोंडपाठ. २०१९ च्या आधी त्याला एकाही बैठकीला कुणी बोलवलं नव्हतं. पहिल्या बैठकीत तो मागं भिंतीला टेकून बसलेला, बोलला फक्त एकच वाक्य, "पाणी नदीकडनं येत न्हाई ओ, आधी मागच्या ओढ्यातनं येतंय." आणि खरंच होतं ते, सगळ्यांचं लक्ष नदीकडं आणि पाणी गावाच्या पाठीमागून ओढ्यातून उलटं शिरतं, त्या वस्तीचा रस्ता सगळ्यात आधी तुटतो. ह्या एका वाक्यानं आमचा सगळा नकाशा बदलला.

तसंच भोई समाजातली नाव चालवणारी माणसं, मळ्यात गावापासून लांब राहणारी घरं, भाड्यानं राहणारी कामगार मंडळी ज्यांचं गावात मतदान नसतं म्हणून यादीत नाव नसतं, एकटे राहणारे म्हातारे ज्यांची पोरं बाहेर आहेत. आणि ओढ्याकाठची, खालच्या अंगाची वस्ती, बहुतेक गावांत ती गरिबांचीच असते. पहिलं पाणी ज्यांच्या दारात येतं त्यांच्याच अंगणात पहिली बैठक घ्या, ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये नको, हॉलमध्ये तीच माणसं बोलतात जी नेहमी बोलतात.

वेळ संध्याकाळी धारा काढून, दूध घालून झाल्यावरची ठेवा. बायकांची बैठक वेगळी घ्या, दुपारी, आणि तिथं पुरुषांनी जाऊ नये, आशाताई किंवा बचत गटाच्या ताई घेतील. आमच्या बायकांच्या बैठकीत जे निघालं ते पुरुषांच्या तीन बैठकांत आलं नव्हतं. निवाऱ्यात संडास किती, रात्री तिकडं जायला उजेड आहे का, पाळीचं सामान कोण आणणार, अंगावर पाजणाऱ्या बायकांना आडोसा कुठं, दागिने आणि कागदपत्रं कुठं ठेवायची. एका काकींनी सांगितलं की २०१९ ला त्या दोन दिवस मुद्दाम पाणी प्यायल्या नाहीत, कारण संडासला जायची सोय नव्हती. हे कुठल्या सरकारी फॉर्ममध्ये येणार?

अलमट्टीचा वाद

आमच्या भागात पुराची बैठक म्हटलं की पंधरा मिनिटांत अलमट्टी, म्हणजे कर्नाटकातलं कृष्णेवरचं धरण, निघते. कर्नाटकानं पाणी अडवलं, कोयनेनं आधी सोडलं असतं तर, रस्त्याच्या भरावामुळं पाणी तुंबलं, ह्यानं नदीपात्रात प्लॉट पाडले. सगळे मुद्दे महत्त्वाचे आहेत, २०१९ नंतर पुराची कारणं शोधायला वडनेरे समिती नेमली गेली, अहवाल आला, त्यावरही आजतागायत वाद चालू आहेत. पण त्यात रात्रीचे अकरा वाजतात आणि म्हातारीला कोण उचलणार हे ठरतच नाही.

आम्ही दोन वह्या केल्या. एका वहीत वरच्यांकडं मागायचं ते, म्हणजे धरणांचं नियोजन, पुलाचे भराव, पूररेषा, ओढ्यावरची अतिक्रमणं. दुसऱ्या वहीत आपलं आपण करायचं ते. कुणी अलमट्टी काढली की त्याचा मुद्दा त्याच्या नावानिशी पहिल्या वहीत लिहायचा, वाचून दाखवायचा आणि पुढं जायचं. माणसाला वाटतं आपलं ऐकलं गेलं, आणि खरंच ऐकलेलं असतं, कारण ती वही ठरावात जाते. पहिली वही फेकून देऊ नका, चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर तिथल्या लोकांनी बचाव समिती करून उपोषणाला बसून वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढायला लावला, लोकांनी रेटल्याशिवाय ते काम हललं नसतं.

पूररेषेवर बोलताना जरा सांभाळून. निळी रेषा म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत ज्याचं घर आहे त्याला ह्या बैठकीची भीती वाटते, की हे लोक आपलं घर पाडायला निघालेत. अशा घरी आधी एकट्यानं जाऊन चहा पिऊन या, सांगा की आज प्रश्न फक्त तुमच्या माणसांचा जीव वाचवायचा आहे. आणि हे म्हटल्यावर शब्द पाळा, त्याच बैठकीत अतिक्रमणाचा विषय काढू नका. ज्यानं ओढा बुजवून भराव टाकलाय त्याच्याशी मात्र भांडावं लागतं, ते गोड बोलून होत नाही, पण ते ठरावातून आणि अर्जातून करा, तोंडातोंडी केलं की गावात दोन पार्ट्या होतात आणि पुराच्या दिवशी एक पार्टी दुसरीच्या बोटीत बसत नाही.

शिवार फेरी आणि भिंतीवरच्या खुणा

बैठका झाल्या की एक सकाळ सगळ्यांनी मिळून चालायचं. सोबत ऑइल पेंटचा डबा, ब्रश आणि वही. जिथं जिथं २००५, २०१९, २०२१ चं पाणी पोचलं होतं तिथं लोकांना विचारून भिंतीवर, विजेच्या खांबावर, देवळाच्या पायरीवर रेघ मारायची आणि साल लिहायचं. वाद होतात, "न्हाई न्हाई, उंबऱ्याच्या वर दोन वीत होतं", होऊ देत, त्यातूनच खरी पातळी निघते. लहान पोरांना नक्की न्या, ती रेघ बघून त्यांना जे समजतं ते आपण तासभर बोलून समजत नाही.

मग हे सरकारी आकड्याला जोडायचं, हा सगळ्यात कामाचा भाग आहे. कोल्हापुरात पंचगंगेसाठी राजाराम बंधाऱ्याची पातळी सांगतात, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका. सांगलीत कृष्णेसाठी आयर्विन पूल, ४० फूट इशारा आणि ४५ धोका. २०१९ ला राजारामला ५५ फुटांच्या पुढं आणि आयर्विनला ५७ च्या पुढं गेलं होतं. पण टीव्हीवर "राजाराम ४१ फूट" असं ऐकून आमच्या गावातल्या माणसाला काय कळणार? त्याला हे कळायला पाहिजे की ४१ म्हणजे आपला ओढ्यावरचा रस्ता उद्या सकाळपर्यंत बंद.

म्हणून तक्ता करायचा. डावीकडं जवळच्या बंधाऱ्याची पातळी (आमच्यासाठी शिरोळ, नृसिंहवाडी, राजापूर इथले आकडेही रोज येतात), मधे गावात पाणी कुठं असतं, उजवीकडं त्या वेळी काय करायचं. मोटारीवाला, नाववाला, आणि ज्यांच्या घरात आधी पाणी येतं ते, ह्यांच्या आठवणीवर पहिला तक्ता बनतो, नंतर दर पावसाळ्यात नोंदी ठेवून तो सुधारत जायचा. वरच्या धरणातून सोडलेलं पाणी आपल्यापर्यंत यायला किती तास लागतात हेही असंच नोंदींतून काढायचं, दुसऱ्या गावाचा आकडा आपल्याला लागू होत नाही. आणि आमच्यासारखं संगमाजवळचं गाव असेल तर एका नदीवर विसंबून चालत नाही, कृष्णा भरून चालली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, फुगवटा येतो, म्हणजे पाऊस उघडला तरी आपल्याकडं पाणी चढतंच राहतं. २०१९ ला ऊन पडलेलं बघून काही जण घरी परत निघाले होते.

क्युसेक (सेकंदाला एक घनफूट पाणी) आणि टीएमसी (एक अब्ज घनफूट पाणी) यांचं गणित पण एकदा फळ्यावर समजावून द्या, दहा मिनिटं लागतात. ११,५७४ क्युसेक विसर्ग पूर्ण २४ तास चालला की एक टीएमसी पाणी होतं. कोयना साधारण १०५ टीएमसीची. म्हणजे ५०,००० क्युसेकनं सोडलं तर दिवसाला चार टीएमसीच्या वर पाणी खाली येतं. हे समजलेला माणूस "दरवाजे उघडले, पळा" असल्या मेसेजला घाबरत नाही. राधानगरीचे दरवाजे स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात, दर वर्षी त्याचे व्हिडिओ फिरतात आणि दर वर्षी लोक घाबरतात.

निरोप कसा पोचवायचा

व्हॉट्सॲपचा ग्रुप करा पण त्यात फक्त ॲडमिनच लिहू शकेल असं सेटिंग ठेवा, आणि ॲडमिन तीनच. गुड मॉर्निंग नाही, गेल्या वर्षीचे व्हिडिओ नाहीत. सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ असं तीन वेळा, पातळी किती, वाढतंय की उतरतंय, गावात कुठला रस्ता बंद. बदल नसेल तरी "बदल नाही" असं लिहायचं, कारण निरोप आला नाही की अफवा सुरू होते.

पण मोबाईलवर भरवसा दोन दिवसांचा. पाणी वाढलं की महावितरणला डीपी बंद करावाच लागतो, बॅटऱ्या संपतात, टॉवरही जातो. त्यामुळं देवळाचा आणि मशिदीचा भोंगा, त्याला बॅटरी, आणि दर वीस-पंचवीस घरांमागं एक माणूस जो दारात जाऊन सांगेल. त्याचं नाव लिहा, आणि तो नसेल तर दुसरा कोण तेही लिहा. बहिरे, एकटे राहणारे, अंथरुणावरचे, ह्यांच्या दारात कोण जाणार हे नावानिशी ठरवायचं, "तरुण मंडळ बघेल" असं लिहिलं की कुणीच बघत नाही.

रात्रीसाठी आमच्याकडची जुनी पद्धत आहे, पाण्याच्या काठाला काठी रोवायची आणि तासानं बघायचं किती बोटं चढलं. पोरांची पाळी लावा, दोघं-दोघं, एकटा नको. दुसऱ्या रात्रीपर्यंत त्या पोरांना पाण्याचा वेग असा समजायला लागतो की ॲप मागं पडतं.

आधी जनावरं

माणसं घर का सोडत नाहीत? अधिकारी विनवण्या करतात, पोलीस येतात, आणि माणूस दारात बसून राहतो. आमच्या गल्लीतली एक आजी २०१९ ला गुडघाभर पाण्यात गोठ्यात उभी होती, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून. बोट दारात लागलेली. ती म्हणाली, "हिला सोडून मी कुठं जाऊ, हिच्या दुधावर नातवाची फी भरलीया." ती आली शेवटी, म्हशीचं दावं कापून, आणि म्हैस नंतर सापडली नाही. आजी त्यानंतर फार बोलायचीच बंद झाली.

म्हणून आमच्या तक्त्यात इशारा पातळीच्याही आधी एक ओळ आहे, जनावरं हलवणे. गावाला कोरडा रस्ता आहे तोवरच ट्रॅक्टर-ट्रॉल्या लावून माळावर न्यायची. जागा आधी ठरवायची, जागामालकाची परवानगी मेमध्येच घ्यायची, वैरण कुठून येणार ते साखर कारखाना, दूध संघ यांच्याशी बोलून ठेवायचं, त्यांच्याकडं वाहनं पण असतात. पशुवैद्यकीय दवाखान्याच्या डॉक्टरांना बैठकीला बोलवा. प्रत्येक जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर आणि फोटो आधी काढून ठेवा, वाईट झालंच तर पंचनाम्याला हाच पुरावा. २०२१ ला जनावरं आधी गेली, आणि मग माणसं स्वतःहून निघाली, कुणाला ओढावं लागलं नाही. ती आजी पण तिच्या नव्या म्हशीबरोबर ट्रॉलीतच बसून गेली.

बोट

८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बोट उलटली, क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसलेली, बायका-पोरं गेली. त्या गावातल्या लोकांची चूक काढायची नाही, पाणी चढत असताना समोर एकच बोट असेल तर कुणीही तेच करेल. आपण काय शिकायचं तर बोटीची वेळ येऊच द्यायची नाही, चाकांवर निघता येतं तोवर निघायचं.

तरी बोट ठेवावीच लागते. किती माणसं बसायची तो आकडा बोटीवर बाहेरून मोठ्या अक्षरात रंगवा आणि चढवणारा माणूस वेगळा ठेवा, जो नाही म्हणू शकेल, शक्यतो ज्याचं घरचं कुणी त्या खेपेत नाही असा. लाइफ जॅकेट मोजून, पोरांच्या मापाचेही. गुळाच्या काहिलीतून, म्हणजे गूळ करायच्या मोठ्या कढईतून, माणसं काढल्याचे फोटो तुम्ही बघितले असतील, आमच्याकडंही काढली, नाइलाजानं, पण ती जरा कलली की पलटी होते, योजनेत ती धरू नका. गावातल्या पोहणाऱ्या पोरा-पोरींना आपदा मित्रचं, म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचं, १२ दिवसांचं प्रशिक्षण मिळतंय का ते जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाला विचारा, नंबर १०७७. कोल्हापूरच्या व्हाईट आर्मीसारखी बचावकार्य करणारी संस्था जवळ असेल तर त्यांना गावात बोलवून एक दिवस प्रात्यक्षिक करून घ्या. एनडीआरएफचे जवान येतात तेव्हा त्यांना गल्ल्या माहीत नसतात, पाण्याखाली विहीर कुठं, तारा कुठं, कुंपण कुठं हे सांगणारा गावचा माणूस त्यांच्या बोटीत पाहिजे, त्याचंही नाव आधीच ठरवा.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एक रंगीत तालीम

फार मोठं काही नको. एक रविवार सकाळी भोंगा वाजवायचा आणि ओढ्याकाठच्या वस्तीनं खरंच निवाऱ्यापर्यंत चालत यायचं. घड्याळ लावा. आम्हाला वाटलेलं वीस मिनिटं, लागला सव्वा तास, कारण एका आजोबांना खुर्चीत बसवून आणलं आणि वाटेत फाटकाला कुलूप होतं. मंडळानं दोन डोली बनवून घेतल्या, फाटकाची चावी तीन घरांत ठेवली. शाळेची पण आता तीन घरांत आहे, त्यातलं एक घर त्या बाळंतिणीचं.

पाणी उतरल्यावर आठ दिवसांच्या आत पुन्हा बसायचं, चिखल काढून माणसं दमलेली असतात तरीही, कारण महिन्यानं आठवणी धूसर होतात. कोण दारात गेलं, कोण राहिलं, कुठल्या आकड्याला कुठला रस्ता तुटला, पंचनाम्यातून कुणाचं नाव सुटलं, भाडेकरूंचं हमखास सुटतं, सगळं त्याच दुसऱ्या वहीत लिहायचं. आणि भिंतीवरची ओल वाळायच्या आत ऑइल पेंटचा डबा काढून नवी रेघ मारायची.